कॅराव्हेलची दहावी चकती : सांताक्रूझ येथील विमान-अपघात (1976) आणि यांत्रिक कारणाचा इतिहास

1. प्रश्नाचे स्वरूप

दिनांक 12 ऑक्टोबर 1976 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, इंडियन एअरलाइन्सचे 171 क्रमांकाचे विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून मद्रासकडे जाण्यास निघाले. विमान फ्रेंच बनावटीचे कॅराव्हेल असून त्याची नोंदणी व्हीटी-डीडब्ल्यूएन या अक्षरांखाली झालेली होती. जमीन सोडल्यानंतर लगेच त्याचे उजवे इंजिन फुटले व आग लागली. वैमानिकांनी विमान वळवून पुन्हा धावपट्टीकडे आणले. परंतु धावपट्टी गाठण्यापूर्वीच त्यावरचे नियंत्रण सुटले आणि ते कोसळले. विमानात 89 प्रवासी व 6 कर्मचारी होते. या 95 जणांपैकी एकही वाचला नाही. मृतांमध्ये मल्याळम् चित्रपटांतील अभिनेत्री राणी चंद्र होत्या. त्यामुळे केरळात व तामिळनाडूत हा अपघात पुष्कळ काळ त्यांच्या नावाने स्मरणात राहिला. महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेला असूनही मराठीत मात्र त्याचा विचार फारसा झालेला दिसत नाही.

तांत्रिक चौकशीतून निघालेला निष्कर्ष थोडक्यात असा : इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधील दहाव्या टप्प्याच्या चकतीत शिणवट्याची भेग पडली होती; त्या भेगेमुळे चकती फुटली; तिच्या तुकड्यांनी कॉम्प्रेसरचे कवच फोडले व इंधनाची नळी तोडली; त्यामुळे आग लागली; आगीत हायड्रॉलिक यंत्रणेतील द्रव नाहीसा झाला आणि विमान वैमानिकांच्या हाती राहिले नाही.

हा निष्कर्ष वाचून बहुतेक वाचक पहिल्या अर्ध्या वाक्याशी थांबतात. ‘चकतीला भेग पडली’ हे कारण, आणि पुढचे सर्व त्याचे परिणाम, अशी समजूत सहज होते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र येथे थांबता येत नाही. युद्धाचे कारण म्हणून एखाद्या खुनाचा किंवा पत्राचा निर्देश करून जो थांबतो, त्याला आपण इतिहासकार म्हणत नाही. मग यंत्राच्या बाबतीत भेगेपाशी थांबणे का चालावे? ही भेग कशी पडली, ती उड्डाणाच्याच क्षणी का उघडी पडली, आणि एका इंजिनाचा बिघाड 95 जणांच्या मृत्यूपर्यंत कसा पोचला, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरेही वेगवेगळ्या काळांत शोधावी लागतात. प्रस्तुत निबंधाचा विषय हाच आहे.

2. विमान आणि त्याचा काळ

कॅराव्हेलचे पहिले उड्डाण 27 मे 1955 रोजी फ्रान्समध्ये तुलूझ येथे झाले आणि 1959 मध्ये ते प्रवासी वाहतुकीत आले. जेट इंजिने शेपटीजवळ, विमानाच्या धडाच्या दोन्ही बाजूंस बसविण्याची कल्पना प्रवासी विमानांत प्रथम याच विमानाने यशस्वी करून दाखविली. या रचनेचे लाभ उघड होते. पंख इंजिनांपासून मोकळे राहिल्याने त्यांवरून हवेचा प्रवाह निर्वेध जाई; प्रवाशांच्या कक्षात आवाज कमी येई; आणि दोन्ही इंजिने मध्यरेषेजवळ असल्यामुळे त्यांतील एक बंद पडले तरी विमान एका बाजूस फारसे ओढले जात नसे. म्हणजे एका इंजिनावर उडण्याच्या दृष्टीने ही रचना विशेष अनुकूल होती. सांताक्रूझ येथील घटनेचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

विमानाचे नाक ब्रिटिशांच्या कॉमेट विमानाच्या आराखड्यावरून घेतलेले होते, आणि इंजिने रोल्स-रॉइस कंपनीची एव्हन जातीची होती. एव्हनची पहिली चाचणी 1947 मध्ये झाली. भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा व हंटर या विमानांतही एव्हन इंजिनेच होती. तेव्हा या देशाला हे यंत्र अपरिचित नव्हते.

देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ खाजगी कंपन्या एकत्र करून 1953 मध्ये इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनची स्थापना झाली. डाकोटा, व्हायकाउंट व फोकर या पंख्यांच्या विमानांनंतर 1964 मध्ये कॅराव्हेल आले व देशांतर्गत वाहतुकीत जेटयुग सुरू झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या शहरांमधील प्रवासाचा वेळ आणखी कमी झाला. 1970 नंतर बोइंग 737 विमानांचा ताफा उभा राहू लागला. तेव्हा कॅराव्हेल ही जुनी पिढी ठरू लागली होती. 1976 मधील हा अपघात अशा संक्रमणकाळातला आहे.

3. धातू थकतो, हे ज्ञान

लोखंडाचा किंवा पोलादाचा तुकडा एका ठरावीक भाराखाली तुटत नसेल, तर त्याहून कमी भाराखाली तो कधीच तुटणार नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती खोटी आहे हे प्रथम विमानांनी नव्हे, तर रेल्वेने दाखविले. 8 मे 1842 रोजी पॅरिसजवळ व्हर्सायच्या मार्गावर एका गाडीच्या इंजिनाचा आस मोडला. गाडी रुळांवरून घसरून पेटली व पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांचे संशोधक द्युमाँ द्युर्व्हिल हे त्यांतच गेले. जो आस दररोज तोच भार वाहत होता, तो एके दिवशी त्याच भाराखाली का मोडावा? वापराने लोखंडाची घडण बदलून ते स्फटिकमय व ठिसूळ होते, असे उत्तर त्या काळी दिले जाई. 1843 मध्ये रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने मोडलेले आस तपासून दाखवून दिले, की जेथे आसाची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यापासून भेग सुरू होते आणि ती हळूहळू आत सरकत जाते. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता व्होलर याने आस फिरवून, त्यांवर पुनःपुन्हा भार देऊन, वर्षानुवर्षे प्रयोग केले. भार किती आहे एवढ्यालाच नव्हे, तर तो किती वेळा येतो व जातो यालाही महत्त्व आहे, हे त्याच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. या क्रियेलाच मराठीत धातूचा शिणवटा म्हणतात.

खानदेशातील वाचकाला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. भुसावळ हे मुंबईहून नागपूरकडे व अलाहाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गांचे संगमस्थान. भुसावळसारख्या मोठ्या स्थानकांत गाडी उभी राहिली, की लांब दांड्याचा हातोडा घेतलेला कामगार चाकामागून चाक ठोकीत गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाई. निर्दोष चाकाचा नाद स्वच्छ व लांबत जाणारा. तडा गेलेल्या चाकाचा नाद बद्द. प्रवाशाला ती केवळ एक सवयीची खडखड वाटे. वस्तुतः रँकिन व व्होलर यांनी जे सांगितले तेच त्या हातोड्याचे प्रयोजन होते : चाक आज मोडलेले नाही, एवढ्यावरून ते उद्या मोडणार नाही असे ठरत नाही, म्हणून ते मोडण्यापूर्वीच विचारून घ्यावयाचे. पुढे आसांची तपासणी ध्वनिलहरींच्या उपकरणांनी होऊ लागली. पण प्रश्न विचारण्याची रीत तीच राहिली.

विमानविद्येला हा धडा नव्याने, आणि फार मोठी किंमत देऊन, शिकावा लागला. 1954 च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ व एप्रिलमध्ये नेपल्सच्या दक्षिणेस अशी दोन कॉमेट विमाने उंचावर असताना फुटून समुद्रात पडली. फार्नबरो येथील संशोधनसंस्थेने एक संपूर्ण कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून, त्यात पुनःपुन्हा दाब भरून व सोडून, प्रत्यक्ष उड्डाणांची नक्कल केली. तेव्हा विमानाच्या धडाला पडलेल्या झरोक्यांच्या कोपऱ्यांतून शिणवट्याची भेग वाढते, हे दिसून आले. कॅराव्हेलने कॉमेटचे नाक घेतले. कॉमेटच्या चौकशीतून निघालेले ज्ञान त्यानंतरच्या सर्वच विमानांनी घेतले. परंतु विमानाच्या धडाविषयी मिळालेले ज्ञान इंजिनाच्या अंतर्भागाला जसेच्या तसे लागू करणे सोपे नव्हते. कारण तेथे भार देणारी शक्तीच वेगळी आहे.

4. चकती आणि उड्डाणाचा क्षण

जेट इंजिनाचा पुढील भाग म्हणजे कॉम्प्रेसर. एका आसावर एकामागून एक चकत्या बसविलेल्या असतात. प्रत्येक चकतीच्या कडेवर पात्यांची रांग असते. आणि एक चकती व तिची पाती मिळून एक टप्पा होतो. प्रत्येक टप्प्यात हवा थोडी थोडी दाबली जाते व तापत जाते. चकती मिनिटाला हजारो फेरे घेते. ती स्वतःचे आणि आपल्या पात्यांचे वजन आतल्या बाजूस धरून ठेवीत असते. पाती बाहेर फेकली जाऊ पाहतात व चकतीचा मध्यभाग त्या ओढीने ताणला जातो. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : वेग दुप्पट झाला, तर ओढ चौपट होते.

येथूनच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. इंजिन सुरू होऊन पूर्ण वेगास पोचते तेव्हा चकती ताणली जाते. ते बंद होते तेव्हा सैल पडते. एक उड्डाण म्हणजे एक मोठे आवर्तन. भेगेचे वय केवळ तासांवरून कळत नाही. ते प्रामुख्याने अशा आवर्तनांवरून कळते. अटलांटिक महासागर ओलांडणारे विमान एका आवर्तनात अनेक तास उडते. भारतातील देशांतर्गत मार्गांवरचे विमान मात्र दिवसातून अनेकदा चढते व उतरते, आणि प्रत्येक वेळी चकतीच्या आयुष्यातील एक आवर्तन खर्ची पडते. इंजिनाच्या महत्त्वाच्या भागांचे आयुष्य तासांऐवजी आवर्तनांत मोजण्याची पद्धत यामुळेच रूढ झाली.

भेग वाढत असताना इंजिन नेहमीसारखेच चालते. ग्रिफिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1920 मध्ये काचेवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले होते, की भेग जितकी लांब, तितका ती फुटण्यास लागणारा ताण कमी. म्हणून भेगेला एक निर्णायक लांबी असते. तेथवर ती कणाकणाने सरकते, आणि त्यानंतर उरलेला सर्व भाग एका क्षणात फुटतो. ही निर्णायक लांबी ताणावर अवलंबून असल्यामुळे, ज्या वेळी ताण सर्वांत अधिक त्या वेळी ती सर्वांत आखूड असते. अशी वेळ म्हणजे उड्डाणाची. इंजिन पूर्ण शक्तीने चालत असते, चकती अत्युच्च वेगाने फिरत असते. यास्तव, वर्षानुवर्षे वाढलेली भेग विमान जमिनीवरून उठताना किंवा चढत असताना प्रकट व्हावी, यात दैवाचा भाग थोडा व यंत्रशास्त्राचा भाग मोठा आहे. आणि विमानाजवळ उंची व अवधी यांपैकी काहीही शिल्लक नसते, नेमका असाच हा क्षण असतो. 12 ऑक्टोबरच्या रात्री इंजिनाचा बिघाड ‘ऐन उड्डाणाच्या वेळी’ झाला, या वाक्यातील ‘ऐन’ या शब्दाचा अर्थ या रीतीने समजून घेतला पाहिजे.

5. चकतीपासून नियंत्रण सुटेपर्यंत

प्रवासी जेट विमान एका इंजिनाच्या बळावर चढू शकेल, अशीच त्याची रचना असते. उड्डाणापूर्वी प्रत्येक वेळी एक निर्णायक वेग ठरविलेला असतो. त्याआधी बिघाड झाला तर विमान थांबवावयाचे व त्यानंतर झाला तर उड्डाण पुरे करून परत यावयाचे, असा नियम आहे. कॅराव्हेलची इंजिने मध्यरेषेजवळ असल्याने हे काम त्याला तुलनेने सोपे होते, हे वर सांगितलेच आहे. याचा अर्थ असा, की सांताक्रूझ येथे केवळ इंजिन बंद पडले असते तर विमान परत उतरणे सर्वस्वी शक्य होते. विमान कोसळले ते इंजिनाची शक्ती गेली म्हणून नव्हे, तर इंजिन ज्या रीतीने गेले तिच्यामुळे.

इंजिनाचे एखादे पाते तुटले तर ते आतच अडावे, इतके त्याचे कवच मजबूत केलेले असते. चकतीचे तसे नाही. तिचे वस्तुमान व वेग यांमुळे तिच्या तुकड्यांत इतकी ऊर्जा साठलेली असते, की त्यांना अडविणारे कवच विमानाला वाहून नेता येण्याजोगे राहत नाही. म्हणून अभियंत्यांनी ही गोष्ट आरंभीच मान्य केलेली आहे, की फुटलेली चकती अडविता येत नाही. ती फुटूच नये एवढेच करता येते, आणि फुटलीच तर तिच्या तुकड्यांच्या मार्गात जीवनावश्यक यंत्रणा शक्य तितक्या कमी ठेवता येतात. पहिले काम तपासणीचे, दुसरे रचनेचे.

सांताक्रूझच्या विमानात चकतीच्या तुकड्यांनी इंधनाची वाट मोकळी केली व आग पेटती राहिली. त्यापुढील टप्पा अधिक विचार करण्याजोगा आहे. कॅराव्हेलचे सुकाणू व पंखांवरील नियंत्रक पृष्ठे हायड्रॉलिक दाबाने हलत. वैमानिकाचा हात दांड्यावर असला, तरी त्या दांड्याच्या आज्ञेला बळ देणारा द्रव नळ्यांतून वाहत होता. तो द्रव आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्यावर विमानात कुशल माणसे होती, एक इंजिन चालू होते, धावपट्टी समोर होती. पण यांना जोडणारा दुवा राहिला नव्हता.

हा दुवा आगीत तुटू शकतो, हे कॅराव्हेलच्या इतिहासात यापूर्वी एकदा दिसले होते. 4 सप्टेंबर 1963 रोजी स्विसएअरचे कॅराव्हेल झुरिकहून निघाल्यावर थोड्याच वेळात ड्युरेनेश गावाजवळ कोसळले आणि त्यातील सर्व 80 जण मरण पावले. त्यांपैकी 43 जण हुम्लिकॉन या एकाच लहानशा खेड्यातले होते. तेथे मूळ बिघाड इंजिनाचा नव्हता. धावपट्टीवरील धुके इंजिनांच्या झोताने विरळ करण्यासाठी विमान बराच काळ शक्ती लावून चालविण्यात आले. त्यात ब्रेक अतोनात तापले, चाकाची कड फुटली, आणि चाके आत ओढून घेतल्यावर तेथे आग लागून इंधनाच्या व हायड्रॉलिकच्या नळ्या निकामी झाल्या. दोन घटनांचा आरंभ इतका भिन्न की एकाच शीर्षकाखाली त्या कोणी लिहिणार नाही. शेवट मात्र एकच. झुरिकला ब्रेक, मुंबईला चकती. दोन्हीकडे आग, हायड्रॉलिक दाबाचा नाश व नियंत्रणाचा अंत. ‘मूळ कारण’ एवढाच स्तंभ भरणाऱ्या नोंदवहीत हे साम्य दिसणार नाही. घटनांची साखळी मांडणाऱ्या इतिहासातच ते दिसते, आणि यासाठीच असा इतिहास लिहावा लागतो.

6. भग्नपृष्ठ हे साधन

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रे, शिलालेख, नाणी व वास्तू यांची गणना होते. मोडलेल्या धातूच्या पृष्ठाचीही गणना त्यांत व्हावी, असे सुचविण्यास येथे आधार आहे. शिणवट्याने फुटलेल्या धातूच्या पृष्ठावर दोन प्रदेश स्पष्ट दिसतात. एक गुळगुळीत, त्यावर भेग कोठून सुरू झाली त्या बिंदूभोवती एकाबाहेर एक वक्र रेषा असतात. दुसरा खरखरीत, तो अखेरच्या क्षणी एकदम फुटलेला भाग. तापीच्या काठी दरड कोसळली, की दर पुराने टाकलेल्या गाळाचे थर उघडे पडतात आणि कोणता पूर मोठा होता हे त्यांवरून सांगता येते. त्याचप्रमाणे त्या वक्र रेषांवरून भेगेने कोणत्या क्रमाने व कशी वाटचाल केली हे वाचता येते. सूक्ष्मदर्शकाखाली तर एकेका आवर्तनाची खूणही कधीकधी मिळते. कोणाच्याही साक्षीवर विसंबून नसलेला, घटनेपूर्वीच लिहिला गेलेला असा हा लेख असतो.

या साधनाचे महत्त्व नंतरच्या चौकशांतून उत्तरोत्तर वाढत गेले. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटी येथे डीसी-10 जातीच्या विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पुढील चकती उंचावरून जात असताना फुटली व तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम नष्ट झाल्या. वैमानिकांनी केवळ उरलेल्या दोन इंजिनांची शक्ती कमी-अधिक करून विमान धावपट्टीपर्यंत आणले. शंभराहून अधिक माणसे मेली, तरी त्याहूनही अधिक वाचली. चकतीचे तुकडे काही महिन्यांनी मक्याच्या शेतांत सापडले. त्यांच्या भग्नपृष्ठावरून ठरले, की टायटॅनियम ओतले गेले त्या वेळी, म्हणजे 1971 च्या सुमारास, धातूत राहिलेल्या एका सूक्ष्म दोषापासून भेग सुरू झाली होती. चकतीचे अनुज्ञात आयुष्य 18,000 आवर्तनांचे होते. ती 15,503 आवर्तनांनंतर फुटली. अखेरच्या तपासणीच्या वेळी भेग अस्तित्वात होती, पण ती दिसली नाही.

तपासणीची ही पद्धत समजून घेण्याजोगी आहे. चकती धुऊन तिच्यावर प्रकाशमान द्रव लावतात. तो पुसून काढल्यावर भेगेत शिरलेला द्रव पुन्हा पृष्ठावर येतो व अतिनील प्रकाशात रेघेसारखा चमकतो. पद्धत सोपी व प्रभावी. परंतु अखेर अंधाऱ्या खोलीत एका माणसाच्या डोळ्याला ती रेघ दिसावी लागते. 6 जुलै 1996 रोजी पेन्साकोला येथे एमडी-88 विमानाच्या इंजिनाचा पंखा धारण करणारा भाग धावपट्टीवरच फुटला व दोघे प्रवासी मरण पावले. तेथेही छिद्र पाडताना धातूत झालेल्या दोषापासून भेग निघाली होती आणि तपासणीत ती निसटली होती. 28 ऑक्टोबर 2016 रोजी शिकागो येथे बोइंग 767 च्या टर्बाइनची चकती उड्डाणाच्या धावेत फुटली. तिचा एक तुकडा सुमारे 3,000 फुटांवरील गोदामात जाऊन पडला. विमान अद्याप जमिनीवर असल्यामुळे ते थांबविता आले व आग लागूनही आतील सर्व 170 जण बाहेर पडले.

मुंबई, सू सिटी, पेन्साकोला व शिकागो या चार ठिकाणी मूळ यांत्रिक घटना एकाच जातीची : फिरणाऱ्या भागात भेग वाढली आणि तो भाग फुटला. मृतांची संख्या मात्र शंभराहून अधिकापासून शून्यापर्यंत बदलते. हा फरक भेगेने केलेला नाही. तुकडे कोठे गेले, इंधनाला वाट मिळाली की नाही, नियंत्रणाची साधने कोठून नेलेली होती, विमान जमिनीवर होते की आकाशात, यांनी तो केला आहे. एकाच कारणापासून एकच परिणाम निघतो असे मानणाऱ्या विवेचनाला या चार घटना पुरेसे उत्तर देतात.

7. दोष आणि कारण

अपघातानंतर समाज पहिला प्रश्न विचारतो तो दोषी कोण हा. वैमानिक हयात नसतो, म्हणून पुष्कळदा उत्तरही त्याच्याच नावावर लिहिले जाते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान-संघटनेने 1951 मध्ये स्वीकारलेल्या तेराव्या परिशिष्टाचा दंडक याहून निराळा आहे : चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे हा असावा, दोष वाटून देणे हा नव्हे. भारतात अशा चौकशा दीर्घकाळ 1934 च्या विमान-अधिनियमाखाली व 1937 च्या नियमांप्रमाणे नागरी विमान महासंचालनालयाच्या कक्षेत होत आल्या. 2012 मध्ये विमान-अपघात चौकशीसाठी स्वतंत्र कार्यालय निर्माण झाले. नियमन करणारी संस्था व चौकशी करणारी संस्था एकच असू नये, हे तत्त्व त्यामागे होते.

कारणाचा शोध आणि दोषाचा शोध यांतील हा भेद इतिहासाच्या पद्धतीलाही मोलाचा आहे. दोषाचा शोध एखाद्या माणसापाशी येऊन संपतो. कारणाचा शोध धातू ओतणाऱ्या भट्टीपाशी, छिद्र पाडणाऱ्या यंत्रापाशी, आवर्तने मोजणाऱ्या नोंदवहीपाशी, अंधाऱ्या खोलीतल्या त्या डोळ्यापाशी आणि हायड्रॉलिकच्या नळ्या कोठून न्यावयाच्या हे ठरविणाऱ्या आराखड्यापाशी जातो. यांपैकी कोणतीही एक जागा बदलली असती, तर 95 जणांचे भवितव्य वेगळे झाले असते. म्हणून या साऱ्या जागा कारणाच्या कक्षेत येतात. याचा अर्थ कोणीच जबाबदार नाही असा नव्हे. जबाबदारी अपघाताच्या रात्रीपुरती मर्यादित नाही, असा आहे.

खानदेशातील अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. एके काळी केवळ रेल्वेचा असलेला हा प्रदेश विमानाचाही झालेला आहे : जळगावच्या विमानतळावर 2017 च्या डिसेंबरात उडान योजनेखाली प्रवासी विमान उतरले, आणि धुळ्याजवळील गोंदूर व शिरपूर येथील धावपट्ट्यांवर तरुण वैमानिकांचे शिक्षण झालेले आहे. येथील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गिरण्या व रेल्वेच्या कार्यशाळा यांतही आस, चाके व बाष्पपात्रे यांच्या तपासणीची दीर्घ परंपरा आहे. जेथे अशा तपासणीच्या नोंदवह्या टिकल्या असतील, तेथे त्या रद्दीत जाण्यापूर्वी जपल्या गेल्या पाहिजेत. कोणत्या तारखेला कोणता भाग तपासला, काय आढळले, कोणता भाग काढून टाकला, या कोरड्या नोंदींत न घडलेल्या अपघातांचा इतिहास असतो. घडलेल्या अपघातांचा अहवाल शासन लिहिते. न घडलेल्यांचा असा कोणताही अहवाल लिहिला जात नाही. भुसावळच्या फलाटावर हातोड्याच्या एका बद्द नादावरून बाजूला काढलेल्या चाकामुळे किती माणसे घरी पोचली, हे कोणत्याही कोष्टकात मिळणार नाही. सांताक्रूझची 95 नावे ज्या यादीत आहेत, तिच्या शेजारी ही दुसरी, कोरी यादी ठेवूनच 1976 च्या त्या चकतीचे योग्य मोल इतिहासाला करता येईल.